सहा जानेवारीची माणसं

माझ्या नणंदेला गेली कित्येक वर्षं एक शंका आहे. मी रत्नागिरीत कॉम्प्युटरवर काम करायचे हे तिला ठाऊक आहे, पण म्हणजे नक्की काय करायचे, हे तिला पटेल असं मला आजवर सांगता आलेलं नाही. एकदा मी म्हटलं, "अगं, मी कनेक्शनची सेटिंग्ज करायचे." त्यावर ती म्हणाली, "म्हणजे टेलिफोन खात्यात होतीस? मग आमचा फोन आठ वर्षं का रखडला होता?" तेव्हापासून मी तो विषय तिच्यापुढे काढत नाही.

तरीही या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलंय, तर एकदा नीट सांगूनच टाकते. आमच्या बाजारपेठेत एक खानावळ होती. आत चूल एक, आमटीचं पातेलं एक. पण पानावर बसणारा प्रत्येक जण बसताना आपापलं सांगायचा. कुणाला आधी भात हवा, कुणाला सोलकढी नको, एक गृहस्थ डावखुरे, त्यांना वाटी डावीकडे लागे. वाढपी ते तेवढ्यापुरतं लक्षात ठेवायचा आणि गिऱ्हाईक हात धुऊन गेलं की विसरायचा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आला तरी पुन्हा सगळं सांगायचं. एसक्यूएल नावाच्या भाषेत ज्याच्याशी बोलावं लागतं ते डेटाबेसचं इंजिन अगदी तसंच वागतं. आत माहिती एकच, पण बाहेर चार टर्मिनल असतील तर चार कनेक्शनं. दर कनेक्शन उघडताना इंजिनाला सांगायचं: मी तारीख अशी लिहीन, मला हवी ती नोंद दुसऱ्यानं धरून ठेवली असेल तर मी थांबेन किंवा परत फिरेन, दुसऱ्याचं अर्धवट लिहून झालेलं मला दाखवू नको. हे सांगितलं नाही तर इंजिन जन्माच्या सवयीनं वागतं, आणि त्याचा जन्म काही कोकणातला नव्हे.

रोज सकाळी टर्मिनल सुरू केलं की हे सगळं इंजिनाला आपोआप सांगितलं जावं म्हणून प्रत्येक टर्मिनलची चार-पाच ओळींची एक फाइल असायची. त्या ओळी मी लिहायचे. एवढंच माझं काम होतं असं नाही, पण माझ्या मते सगळ्यांत मजेचं काम ते होतं.

काळ ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचा. जिल्हाभर शाळा चालवणारी एक मोठी शिक्षणसंस्था होती, तिचं नाव इथे सांगत नाही. तिनं हौसेनं एक मोठं मशीन घेतलं, त्याला चार टर्मिनल जोडली आणि विद्यार्थी, शिक्षक, नोकरीसाठी अर्ज करणारे उमेदवार, सगळ्यांची माहिती त्यात भरायला घेतली. मशीनला एसी आणि आम्हाला पंखा. मे महिन्यात मशीनच्या खोलीत काही ना काही काम काढून जाणाऱ्यांची संख्या एकदम वाढायची.

त्यात सगळ्यांत पुढे असायचे भाऊ तोडणकर. संस्थेचे जुने हेडक्लार्क. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना त्यांच्यापुढे टर्मिनल आणून ठेवलं, तर त्यांनी आधी त्याला हळद-कुंकू लावलं आणि मग दोन बोटांनी टायपिंगला सुरुवात केली. दुसरी नलू, डेटा भरायला नेमलेली मुलगी. तिची बोटं इतकी भराभर चालायची की टर्मिनल मागे पडायचं. मी नलूची ताई. भाऊंची मात्र 'बाय', कारण त्यांना मी मुलीच्या ठिकाणी.

भाऊंमुळे मला इंजिनाची पहिली खोड कळली. आपल्याकडे निघालेला माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. भाऊ त्याच्याही एक पाऊल पुढे होते. ते 'आलोच' म्हणायचे. म्हणजे गेलेले असले तरी आलेलेच असायचे. एखाद्या विद्यार्थ्याची नोंद दुरुस्तीला उघडायची, एवढ्यात कुणीतरी खिडकीतून सांगायचं की मार्केटात ताजा बांगडा उतरलाय, की भाऊ "आलोच गो बाय" म्हणून पिशवी घेऊन पसार. नोंद तशीच उघडी. इंजिनाला भाऊंचं हे व्याकरण तंतोतंत मान्य होतं. त्याच्या दृष्टीनं भाऊ खुर्चीतच बसलेले असत. त्यांनी धरलेली नोंद ते कुणालाही द्यायचं नाही. इकडे नलूला नेमकी तीच नोंद हवी असायची, आणि तिच्या कनेक्शनला मी 'थांब' असं सांगून ठेवलेलं असल्यामुळे ते बिचारं थांबायचं. नलू मांडीवर हात ठेवून बसायची आणि म्हणायची, "ताई, गोठला."

भाऊ बांगडे घेऊन परत येईपर्यंत नलूचं टर्मिनल गोठलेलं. शेवटी तक्रार संस्थेच्या सचिवांपर्यंत गेली. हे सचिव सर पूर्वी खेडोपाडी हेडमास्तर होते. शब्दाला पक्के आणि तितकेच हेकट. मी त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला सांगलीला गेले होते, म्हणून त्यांनी मशीनच्या कंपनीचा इंजिनियर मुंबईहून बोलावला. त्यानं भाऊंना बदलण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही, हे त्याचं शहाणपण. त्यानं नलूच्या टर्मिनलची फाइल नव्यानं लिहिली: नोंद दुसऱ्यानं धरली असेल तर थांबू नको, लगेच परत फिर. मी परत आले तेव्हा नलू खूश होती. नोंद मिळाली नाही तर टर्मिनल लगेच तसं सांगायचं आणि ती पुढचा अर्ज घ्यायची. काम माझ्याशिवाय झालं म्हणून मला थोडं लागलं, पण चांगलं झालं होतं हे कबूल करायलाच हवं.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका सुस्त दुपारी, मला एक खोडी सुचली. एवढ्या हजारो माणसांच्या जन्मतारखा आपल्या हाताशी आहेत, तर सगळ्यांत जास्त माणसं कुठल्या दिवशी जन्मली, हे का विचारू नये? एसक्यूएलमध्ये असला प्रश्न एका वाक्यात विचारता येतो. विचारला. उत्तर आलं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. एक जून. बाकीच्या तारखांना माणसं चिमूटभर आणि एक जूनला नुसती जत्रा.

मी भाऊंना दाखवलं. त्यांना यत्किंचितही नवल वाटलं नाही.

"ह्यात काय कोडा हाय गो? चाकरमानी गणपतीला येतो. आता भादव्यापासून मोज." आणि त्यांनी बोटांची पेरं मोजली. "आश्विन, कार्तिक, मार्गेसर, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख, जेठ. नऊ. आला जून!"

नलू लाजून टर्मिनलच्या मागे गेली. मी म्हटलं, "भाऊ, महिना पटला. पण सगळी एकाच दिवशी? एक तारखेला?"

"पहिली तारीख बरी. पगाराचा दिवस."

एवढ्यात सचिव सर कशासाठी तरी आत आले. पडद्यावर नजर टाकून हसले. ते क्वचित हसत.

"ही सगळी माझी मुलं आहेत," ते म्हणाले.

भाऊंनी एकदम मान वर केली.

"तसं नव्हे हो तोडणकर! जूनमध्ये शाळा उघडायची. आई पोराला धरून आणायची. मी विचारायचो, जन्म कधीचा? ती म्हणायची, लावणी चालली होती तेव्हाचा. दुसरी म्हणायची, आमची तांबडी गाय व्याली त्याच्या आदल्या वर्षीचा. घरात कॅलेंडर नाही, जन्माचा दाखला नाही. रजिस्टरमध्ये रकाना तर भरायचाच. मग मी दात बघायचो, उंची बघायचो आणि वय नियमात बसेल असं साल धरून एक जून लिहायचो. सगळेच हेडमास्तर लिहायचे. शाळेत आलं तो त्यांचा जन्म, असं आम्ही समजायचो."

मला ते फार आवडलं. किती तरी माणसांच्या पत्रिका एका माणसानं टाकानं मांडल्या होत्या आणि तो समोर उभा होता. मी उत्साहानं पुढचा क्रमांक दाखवला. "मग सर, ही दोन नंबरची? सहा जानेवारी?"

सचिव सरांच्या कपाळाला आठी पडली. "नाही. हे मात्र आम्ही लिहिलेलं नाही."

"शिमगा!" भाऊ ओरडले. "चाकरमानी दुसऱ्यांदा कधी येतो? शिमग्याला! मोजा फाल्गुनापासून."

मी मोजले. "भाऊ, मार्गशीर्षात येतात. सहा जानेवारी म्हणजे बहुतेक पौष."

"वायच पुढे-मागे व्हायचाच. पोर म्हंजे काय एसटी हाय, टायमावर यायला?"

हसण्यावारी गेलं. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. एक जूनला कारण होतं, माणूस होता, टाक होता. सहा जानेवारीला काहीच नव्हतं. मी घरी भाकरी थापताना नवऱ्याला विचारलं, "सहा जानेवारीला काय असतं?" तो म्हणाला, "पाच जानेवारीच्या नंतरचा दिवस." त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती.

उत्तर आपल्या पायांनी चालत आलं. संस्थेनं शिक्षकांच्या जागा भरायला काढल्या होत्या. उमेदवारांपैकी नियमात बसणाऱ्यांची यादी मशीननं काढली, मुलाखतीचे कॉल गेले. मुलाखती दोन दिवसांवर असताना एक बाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सुनंदा कांबळे. वय तिशीकडचं, खांद्याला पर्स, पायात रबरी चपला, लाल मातीनं टाचा माखलेल्या. सोबत त्यांचे वडील. सगळे त्यांना आबा म्हणत. मुंबईत गिरणीत आयुष्य काढून गावी परतलेले. आबा दारातूनच भाऊंना "जय भीम" म्हणाले. भाऊंनी "जय भीम, बसा" म्हणून स्वतःची खुर्ची सरकवली.

सुनंदा संगमेश्वराकडच्या आतल्या गावातून दोन एसट्या बदलून आल्या होत्या. डी. एड. झालेल्या. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं की त्या जागी चार महिने, कुणी आजारी पडलं की तीन महिने, अशी वर्षानुवर्षं तात्पुरती शिकवणी केलेली. कायमची नोकरी कधीच मिळाली नव्हती.

"ताई, मला कॉल आला नाही," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "माझ्यापेक्षा कमी मार्कांच्या मुलींना आला. मी तक्रार करायला आलेली नाही. फक्त कारण सांगा."

मी माझ्या टर्मिनलवर त्यांची नोंद काढली. कारण समोरच होतं. वयोमर्यादा एक एप्रिलला मोजायची होती, आणि त्या तारखेला त्यांचं वय दोन-तीन महिन्यांनी उलटत होतं.

"कसं उलटेल?" आता आवाज शांत राहिला नाही. "मी मोजून अर्ज केलाय. पुढच्या वर्षी उलटेल, ते माहीत आहे मला. म्हणून तर हा शेवटचा. ह्यानंतर माझ्यासाठी रजेची जागासुद्धा नाही, ताई. घरी बसायचं."

आबा खाली फरशीकडे बघत होते.

त्यांनी पर्समधून शाळा सोडल्याचा दाखला काढला. जन्मतारीख एक जून. मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ०६/०१. सहा जानेवारी.

एवढे दिवस ज्यांच्या मागे लागले होते, त्या सहा जानेवारीच्या माणसांपैकी एक माझ्यासमोर उभी होती, आणि ती मुळात एक जूनची होती.

"नलू," मी हाक मारली, "ह्यांची तारीख चुकलीय बघ."

नलूनं आपल्या टर्मिनलवर तीच नोंद उघडली. "नाय ताई. माझ्याकडे बरोबर हाय. ०१/०६."

मी उठून गेले. खरंच ०१/०६. परत माझ्या जागी आले. ०६/०१. पुन्हा तिकडे गेले. माझ्यामागोमाग सुनंदाही यायला लागल्या. एकच नोंद, एकच इंजिन, आणि दोन पडदे दोन गोष्टी सांगत होते. या टर्मिनलवर बाईंचं वय उलटलेलं, त्या टर्मिनलवर त्या नियमात बसणाऱ्या. भाऊ म्हणाले, "माका विचारलात तर नारळ फोडा आधी." भाऊंची आई मालवणकडची. घाबरले की ते तिच्या भाषेत जायचे.

मी नलूला म्हटलं, "मला एक तारीख भरून दाखव. समज, पंचवीस डिसेंबर."

तिनं न थबकता टाइप केलं: १२/२५.

"हे काय? महिना आधी?"

"ताई, ही मशीन पंचवीस तारीख सरळ घेत नाय," नलू अगदी साधेपणानं म्हणाली. "अडून बसते. मी भाऊंना विचारलेला. ते म्हणाले, उलटी घालून बघ. उलटी घातली तर घेतली."

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "आता म्हशीनं लाथ मारली तर आपण दुसऱ्या अंगानं धारेला बसतोच की."

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. मी नलूची फाइल उघडली. मुंबईच्या त्या इंजिनियरनं लिहिलेली. त्यात एकच ओळ होती, थांबू नको म्हणून सांगणारी. 'तारीख आधी, महिना नंतर' ही माझी ओळ त्यात नव्हती. त्यानं फाइल नव्यानं लिहिली तेव्हा ती गेली. त्यामुळे नलूचं कनेक्शन उघडलं की इंजिन आपल्या जन्माच्या सवयीनं, अमेरिकेतल्यासारखा, महिना आधी धरायचं. नलूनं २५/१२ घातलं की पंचविसावा महिना नसतो म्हणून अडायचं, मग ती उलटं घालायची आणि नोंद बरोबर पडायची. पण ०१/०६ ला अडायचं काही कारणच नव्हतं. पहिला महिना, सहा तारीख. इंजिन ते गुमान घ्यायचं. आणि परत दाखवताना नलूच्या टर्मिनलवर त्याच उलट्या सवयीनं ०१/०६ असंच दाखवायचं, म्हणून तिला कधी संशय आला नाही. मशीननं जिथे भांडण काढलं तिथे काम चोख झालं होतं आणि जिथे मुकाट्यानं ऐकलं तिथे घोळ.

हेडमास्तरांनी एक जूनला जन्माला घातलेली सगळी माणसं नलूच्या टर्मिनलवरून आत जाताना सहा जानेवारीची झाली होती. शिमग्याचा त्यात काही संबंध नव्हता. मला इतका आनंद झाला की मी सुनंदाचा हात धरून म्हटलं, "कळलं! मला कळलं!" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना अजून नोकरीचं काहीच कळलं नव्हतं.

मी नलूच्या फाइलमध्ये तारखेची ओळ घातली, कनेक्शन बंद करून पुन्हा उघडायला लावलं. झालं काय, की आता दोन्ही टर्मिनलवर सारखंच चुकीचं दिसायला लागलं. दारावरची सूचना सुधारली म्हणून आत जाऊन बसलेलं काही बाहेर येत नाही.

आम्ही सचिव सरांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. त्यांनी दाखला पाहिला, पडदा पाहिला आणि विचारलं, "अशा किती नोंदी?"

"माहीत नाही, सर. पण यांची एक आत्ता दुरुस्त करते, परवाच्या मुलाखतीला..."

"नाही." ते म्हणाले. "एकीचीच केलीत तर उद्या सगळे म्हणतील की दारात येऊन बसली तिचं काम झालं. जे आले नाहीत त्यांचं काय? सगळ्या उमेदवारांच्या तारखा तपासा. उद्या दुपारच्या गाड्यांनी नवे निरोप गावोगावच्या शाळांत जातील. तोवर यादी झाली तर ठीक. नाही झाली तर जुनी यादी राहील."

बाहेर आल्यावर मला त्यांचा मनस्वी राग आला होता. आज वाटतं, बरोबर बोलले.

तुम्ही म्हणाल, मशीनच आहे तर द्यायचा एक हुकूम: नलूच्या टर्मिनलवरून भरलेल्या तारखा फिरव. मलाही तेच वाटलं. पण नलू रडत म्हणाली, "ताई, मी सगळ्याच सरळ नाय घातल्यात. ज्या दिवशी ती सारखी अडायची त्या दिवशी मी वैतागून पहिल्यापासूनच सगळ्या उलट्या घातल्यात." म्हणजे काही चुकीच्या, काही बरोबर, आणि कुठली कुठली हे मशीन सांगू शकत नव्हतं. खरं अर्जाला जोडलेल्या दाखल्यातच होतं. अर्ज खोलीभर.

आम्ही फरशीवर अर्ज मांडले. नलूच्या डोळ्यांचं पाणी थांबेना, तिला अक्षर दिसेना. तेव्हा सुनंदा पदर खोचून खाली बसल्या. "द्या, मी वाचते. हजेरी घ्यायची सवय आहे मला."

आणि त्यांनी हजेरीच्या स्वरात वाचायला घेतलं. नाव, गाव, जन्मतारीख. मी टर्मिनलवर ताडून बघत होते. "एक जून." पुढचं नाव. "एक जून." भाऊंना राहवेना, ते दर एक जूनला "हजर!" म्हणायला लागले. नलूसुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उरलेले अर्ज घेतले. सुनंदा आणि आबा रात्री भाऊंच्या घरी उतरले होते, भाऊंनी दोघांना जाऊच दिलं नाही. बुरोंडीच्या एका मुलाचा अर्ज निघाला, हॉस्पिटलच्या दाखल्यासकट: खरीखुरी सहा जानेवारी. भाऊ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याला हार घाला रे कुणीतरी!"

आबा दारातल्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. मध्येच म्हणाले, "एवढी सगळी एका दिवशी कशी जन्माला येतील? काय तरीच. आता आमच्या सुनंदाचाच बगा, तसा म्हणाल तर ही..."

"आबा," सुनंदा अर्जावरची नजर न काढता म्हणाल्या, "तुमी वायच गप ऱ्हवा. माजी मोजणी चुकते."

आबा गप्प झाले. मोजणी कसलीच चालली नव्हती, आम्ही फक्त वाचत होतो. पण मी घाईत होते.

दुपारच्या गाड्या सुटायच्या आधी यादी झाली. सुनंदासारखी आणखी काही नावं त्यात नव्यानं आली. सचिव सरांनी प्रत्येक पान वाचून सही केली आणि सही करता करता सुनंदांना विचारलं, "शाळा कुठली तुमची? पहिलीची?" त्यांनी गाव सांगितलं. सरांचं पेन थांबलं. "तिथे मी होतो," एवढंच ते म्हणाले.

सुनंदांना नोकरी लागली, पूर्णगडकडच्या एका शाळेत. पहिल्या पगारानंतर त्या कोकमाची बाटली घेऊन आल्या. मग आमची मैत्री झाली आणि माझं 'अहो-जाहो' गळून पडलं. विद्यार्थ्यांच्या नोंदी दुरुस्त करायला मात्र आम्हाला पुढे बरेच महिने लागले, आणि सगळ्या झाल्या असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. कुणी वाचक विनाकारण सहा जानेवारीचा असेल तर त्यानं आपला दाखला एकदा तपासावा.

आता शेवटचं. तुम्हाला ठाऊक असेल, एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे आपल्याकडे एकतीस मे हा दिवस हार आणि नारळ विकणाऱ्यांचा सुगीचा. काही वर्षांपूर्वी अशाच एका एकतीस मेला सुनंदानं मला निरोपसमारंभाला बोलावलं. ती तोवर मुख्याध्यापिका झाली होती. भाषणं झाली. कुणीतरी सांगितलं की बाईंनी आपल्या कारकिर्दीत एकाही मुलाची जन्मतारीख अंदाजे लिहिली नाही. दाखला नसेल तर त्या आईला घेऊन बसायच्या, कुठला सण जवळ होता, अमावास्या होती की पौर्णिमा, सगळं विचारून जुनं पंचांग काढायच्या. मी कौतुकानं टाळ्या वाजवल्या.

नंतर आम्ही दोघी शाळेच्या पडवीत बसलो. तिच्या मांडीवर नारळ होता. ती म्हणाली, "ताई, एक सांगू? मी हिशेबापेक्षा चार महिने जास्त नोकरी केली."

"म्हणजे?"

"मी पौषातली. आई सांगायची, संक्रांत तोंडावर आली होती, हलव्याचा पाक चुलीवर होता आणि मी आले. आबा त्या साली शिमग्याला आले होते, ते पाय मुरगळला म्हणून पाडवा करूनच परत गेले. तुमचे भाऊ म्हणायचे ते काय चूक नव्हतं."

मला आधी हसू आलं. मग भाऊंची इतकी आठवण आली की डोळे भरले. हे ऐकायला ते हवे होते. पौषापर्यंतची पेरं त्यांनी मला पुन्हा मोजून दाखवली असती आणि वर्षभर सगळ्या रत्नागिरीला सांगत हिंडले असते. ते गेले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मग मला ती दुपार आठवली. फरशीवरचे अर्ज, दारातली खुर्ची. मी म्हटलं, "म्हणून त्या दिवशी आबांना गप्प केलंस होय?"

"काय करू? बापूस खरं बोलायला निघालेला." सुनंदानं मांडीवरचा नारळ फिरवला. "त्या खोलीत माझ्याबद्दल खरं सांगणारं एकच मशीन होतं ताई. नि नेमकं तेच तुम्ही दुरुस्त करायला घेतलंत. मी काय बोलणार होते?"